परत आलेल्या बाटल्या : कोल्हापुरातील एका हॉटेलातील वाइन-दोषांचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातील ताराबाई पार्क भागातल्या एका मध्यम आकाराच्या हॉटेलात मे महिन्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत वाइनच्या बाटल्या टेबलावरून वारंवार परत येऊ लागल्या. या हॉटेलचे नाव तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी असले, तरी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रीवाले आपल्या बाहेरगावच्या आणि परदेशी ग्राहकांना जेवायला येथेच आणतात, त्यामुळे वाइनचा खप बऱ्यापैकी आहे. वितरकाने खराब माल गळ्यात मारला, असे मालकांचे म्हणणे होते. माल उत्तम होता, हॉटेलने तो नीट ठेवला नाही, असे वितरकाचे म्हणणे होते. दोन्ही बाजू सगळ्या बाटल्यांना मिळून एकच कारण शोधत होत्या आणि वाद तेथेच अडला होता. हॉटेल कर्मचाऱ्यांना पेयसेवेचे प्रशिक्षण देणे हा माझा व्यवसाय असल्याने दोघांनीही निर्णयासाठी मला बोलावले.

तपासणी शक्य झाली ती बारच्या कॅप्टनमुळे. परत आलेली प्रत्येक बाटली त्याने बूच किंवा झाकण घट्ट लावून मागच्या फ्रिजमध्ये उभी ठेवली होती आणि गळ्याला चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख, टेबल क्रमांक आणि पाहुण्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते : "ओलं फडकं", "व्हिनेगर", "शिजलेला कोबी", "अंडं", "तबेला" आणि एका बाटलीवर लाल शाईत "काच आहे!!". तो म्हणाला, "सर, मालकांनी वतून टाका म्हणून सांगितलं हुतं, पण मी म्हटलं, भांडण मिटंस्तवर ऱ्हाऊ देत." पाहुण्याने पहिल्या घोटाला वापरलेला शब्द हा अशा प्रकरणात प्रयोगशाळेच्या अहवालाइतका कामाचा असतो, आणि बहुतेक हॉटेलांत नेमका तोच टिपून ठेवला जात नाही.

पद्धत साधी ठेवली. परत आलेल्या प्रत्येक वाइनची त्याच बॅच क्रमांकाची एक सीलबंद बाटली हॉटेलच्या साठ्यातून घेतली आणि दुसरी वितरकाच्या गोदामातून मागवली, म्हणजे प्रत्येक वाइनचे तीन नमुने समोर आले. दोष कोणता, हे नाकाने कळते. तो कोठे शिरला, हे मात्र तो किती आणि कोणत्या बाटल्यांत आढळतो यावरून कळते. एकाच पेटीतील एखाद्याच बाटलीत असेल तर संशय बुचावर जातो, एका जागी ठेवलेल्या सगळ्या बाटल्यांत असेल तर त्या जागेवर, आणि कोठेही ठेवलेल्या एकाच बॅचच्या सगळ्या बाटल्यांत असेल तर वाइन जेथे बनते त्या वायनरीवर. जी वाइन सीलबंद असताना निर्दोष आणि उघडल्यावर सदोष ठरते, तिचा जाब बारला द्यावा लागतो. वास घेण्यासाठी पहिल्या मजल्यावरील कार्यालय निवडले आणि वेळ सकाळची ठेवली, कारण स्वयंपाकघरात एकदा कांदा-खोबरे भाजायला सुरुवात झाली की त्या इमारतीत दुसरा कोणताही वास नीट घेता येत नाही. बाटल्या आधी फ्रिजबाहेर काढून ठेवल्या. थंड वाइन आपले गुण जसे दडवते तसेच अवगुणही दडवते.

"ओलं फडकं" अशी नोंद असलेल्या बाटल्यांची संख्या सर्वांत जास्त होती आणि वितरकाशी झालेल्या पत्रव्यवहारात मालकांनी या सगळ्यांना 'कॉर्कचा दोष' म्हटले होते. त्यांतील बहुतेक बाटल्या स्क्रू कॅपच्या, म्हणजे बुचाऐवजी फिरकीचे धातूचे झाकण असलेल्या, होत्या. बुचाचा दोष बुचाशिवाय होणे अगदीच अशक्य नाही, कारण वायनरीतील लाकूड, पुठ्ठा किंवा जुनी पिंपे दूषित असली तर तोच वास संपूर्ण बॅचमध्ये उतरू शकतो; पण येथे वितरकाकडील सीलबंद नमुना स्वच्छ निघाला, हॉटेलमधला सीलबंद नमुना स्वच्छ निघाला आणि आश्चर्य म्हणजे परत आलेल्या बाटलीतील उरलेली वाइनही स्वच्छ निघाली. मग बारमधून रिकामे ग्लास मागवले. धुऊन, पुसून, कपाटात कागदावर पालथे घातलेले ते ग्लास वाइन न ओतताच हुंगले, तर आत नेमका तोच कुबट वास होता. जुलैत कोल्हापूरच्या झडीच्या पावसात फडकी दिवसेंदिवस वाळत नाहीत, आणि दमट फडक्याने पुसलेला ग्लास पालथा घातला की आतली हवा कोंडून राहते. ग्लास गरम पाण्याने विसळून, थोड्या वाइनने खंगाळून तीच वाइन पुन्हा ओतली तेव्हा वास नाहीसा झाला. तक्रारींचा सर्वांत मोठा गठ्ठा अशा रीतीने वाइनच्या हद्दीबाहेर गेला. मालकांना ते पटायला वेळ लागला. त्यांनी ग्लास तीनदा हुंगून पाहिला.

या गठ्ठ्यात एक बाटली मात्र वेगळी निघाली. ती आयात केलेल्या लाल वाइनची, खऱ्या बुचाची होती आणि स्वच्छ ग्लासातही तिला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येत होता. फळाचा गंध जवळजवळ पुसला गेला होता. हा ट्रायक्लोरोअॅनिसोल, अर्थात टीसीए या संयुगाचा परिणाम. बूच ज्यापासून बनते त्या कॉर्क ओक झाडाच्या सालीत किंवा लाकडात क्लोरीनयुक्त फिनॉल असले आणि त्यावर बुरशी वाढली, की बुरशी त्यांचे रूपांतर टीसीएमध्ये करते. बुचे पूर्वी क्लोरीनने विरंजित केली जात, हे त्याचे एक मोठे कारण होते, आणि पुढे तो मार्ग सोडून हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर सुरू झाला. वाइनमधील या वासामागे टीसीए आहे हे स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. त्याची मात्रा विलक्षण अल्प असते : लिटरमागे साधारण २ ते ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या दोन-पाच पट, एवढ्यावरही सरावलेले नाक त्याला ओळखते. त्याहून कमी मात्रेत तो स्वतः जाणवत नाही, पण वाइनचा गंध मंदावतो आणि पाहुणा नुसतेच "मजा नाही" म्हणून ग्लास बाजूला सारतो. असा दोष बहुधा कोणाच्याच नोंदीत येत नाही. टीसीएची आणखी एक खूण व्यवहारात फार उपयोगी आहे. ग्लासात ठेवलेल्या वाइनमध्ये तो वास वेळेबरोबर उठून दिसतो, तर ग्लासाचा किंवा गंधकाचा वास हवा लागताच उतरू लागतो. ही बाटली ग्लासात ओतून दुपारपर्यंत ठेवली, तेव्हा सकाळी ज्याला शंका होती त्या स्टुअर्डलाही खात्री पटली. पहिला श्वास मात्र महत्त्वाचा असतो, कारण दोन-तीनदा हुंगल्यावर नाक त्या वासाला सरावते. ही वाइन आरोग्याला अपायकारक नसते, पण तशी बाटली परत घेणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. पेटीतील इतर बाटल्यांत हा वास नव्हता. दोष त्या एका बुचाचा होता.

परंतु त्याच पेटीतील इतर बाटल्या निर्दोष होत्या असेही नाही. त्यांना शिजवलेल्या मनुकांचा, थेट काकवीचा वास येत होता, आणि कोल्हापुरात गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला तो ओळखण्यासाठी प्रशिक्षण लागत नाही. रंगाची कड विटकरी झाली होती. बाटल्या आडव्या धरून पाहिल्या, तेव्हा बूच काचेच्या तोंडापासून किंचित वर आलेले होते आणि वरच्या वेष्टणाखाली चिकट, वाळलेला डाग होता. ही पेटी बॅन्क्वेट हॉलच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत, जनरेटरला लागून असलेल्या भिंतीशी ठेवलेली होती. जुलैच्या ढगाळ दुपारीही, जनरेटर चालू असताना, तेथील तापमापक ३३ अंश दाखवत होता. एप्रिल-मे महिन्यांत शहरातला पारा ३७-३८ अंशांवर असताना पत्र्याखाली काय झाले असेल, याचा अंदाज बांधायला फारसे कष्ट नकोत. उष्णतेने द्रव प्रसरण पावून बूच वर ढकलतो, रात्री गार झाल्यावर आकुंचन पावतो आणि त्या वेळी सैल झालेल्या बुचाच्या कडेने हवा आत ओढली जाते. त्यामुळे अशी वाइन शिजतेही आणि पाठोपाठ तिचे ऑक्सिडीकरणही होते. वितरकाच्या गोदामातील त्याच बॅचच्या बाटलीचे बूच काचेच्या पातळीला होते आणि वाइन ताजी होती. येथे मालकांची बाजू उरली नाही.

"शिजलेला कोबी" ही नोंद एकाच व्हाइट वाइनच्या बाटल्यांवर होती, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे, कारण येथे माल निर्दोष होता, तापमान ठीक होते आणि बाटली उघडलेलीही नव्हती. वाइन रंगहीन काचेच्या बाटलीत येते. दिसायला सुंदर असल्याने बारच्या मागील भिंतीवर आरशाची मांडणी करून, खालीवर ट्यूबलाइट लावून, या बाटल्या ओळीने उभ्या केल्या होत्या आणि दिवे सकाळी साफसफाईपासून रात्री बार बंद होईपर्यंत जळत होते. वाइनमध्ये नैसर्गिकपणे असलेले रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, सुमारे ३७० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते आणि त्या ऊर्जेने मेथिओनिन या अमिनो आम्लाचे विघटन घडवून आणते; त्यातून मिथेनथायॉल आणि डायमिथिल डायसल्फाइड ही गंधकाची संयुगे तयार होतात व कोबी, ओली लोकर अशा वासांची छटा उमटते. लाल वाइनमधील टॅनिन या क्रियेला बऱ्याच अंशी आवर घालते, म्हणून शेजारच्याच रेड वाइनला काही झाले नव्हते. तपकिरी काच हा प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवते, हिरवी काही प्रमाणात अडवते, रंगहीन काच फारसा अडवत नाही. याच खेपेतील, पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात राहिलेली बाटली उघडली, तेव्हा तिला पेरू आणि लिंबाच्या सालीचा स्वच्छ गंध होता. दोन बाटल्यांचा बॅच क्रमांक एक, खरेदीची तारीख एक, खोली एक. फरक फक्त प्रकाशाचा होता.

गंधकाचे वास एकमेकांत गुंतलेले असल्याने कोबीची वाइन आणि "अंडं" अशी नोंद असलेली रेड वाइन यांची शेजारी शेजारी चाचणी घेतली. द्राक्षबागायतदाराच्या घरात सहज सापडणारा मोरचूद (कॉपर सल्फेट) येथे कामी येतो : एक टक्का द्रावणाचे दोन थेंब थोड्या वाइनमध्ये टाकले, की तांबे कुजक्या अंड्याचा वास देणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला आणि मिथेनथायॉलसारख्या संयुगांना बांधून घेते व त्यांचा वास जातो, पण डायसल्फाइडवर तांब्याचा परिणाम होत नाही. ही वाइन अर्थातच पिण्याची नाही; वास घेऊन लगेच ओतून द्यायची आणि ग्लास वेगळा धुवायचा. रेड वाइनचा कुजक्या अंड्याचा वास मिनिटभरात पूर्ण गेला. कोबीचा वास कमी झाला, पण मागे राहिला.

अंड्याचा वास तिन्ही नमुन्यांत होता, वितरकाकडील बाटलीतही. म्हणजे तो वायनरीतूनच आलेला होता. किण्वनाच्या, म्हणजे रस आंबण्याच्या, काळात यीस्टला नायट्रोजन कमी पडला, तर ते अमिनो आम्ले तयार करण्याच्या प्रयत्नात सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड सोडते. द्राक्षांवर भुरी या बुरशीजन्य रोगासाठी मारलेल्या गंधकाचा अंश काढणीपर्यंत राहिला, तरीही हेच घडते, आणि तासगाव-मिरज पट्ट्यातील कोणत्याही बागायतदाराला भुरी आणि गंधक यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. स्क्रू कॅपमधून हवा फारच कमी आत जात असल्याने हा वास बाटलीत आपोआप उडून जात नाही. तथापि दोष सौम्य होता : वाइन जगमध्ये ओतून, फिरवून, अर्धा तास ठेवली की पिण्याजोगी होत होती. वायनरीने बॅच परत घ्यावी, असे म्हणण्याइतका तो गंभीर नाही, परंतु पाहुण्यासमोर बाटली उघडून सरळ ग्लासात ओतण्याइतका तो क्षम्यही नाही, असे माझे मत आहे आणि ते वितरकाला मी तसेच कळवले.

"व्हिनेगर" म्हणून परत आलेल्या वाइन या ग्लासवर विकल्या जाणाऱ्या होत्या. सीलबंद नमुने दोन्हीकडचे स्वच्छ. बारवर उघडलेल्या बाटल्यांना धातूचे पोअरर (ओतण्याची तोटी) लावून त्या तशाच काउंटरवर ठेवल्या जात आणि आठवडाभर चालत. शेजारी कापलेल्या लिंबांचा डबा होता, त्यावर चिलटे होती, आणि पोअररचे तोंड रात्रभर उघडे राहत होते. अॅसिटोबॅक्टर या जिवाणूंना हवा मिळाली, की ते अल्कोहोलचे प्रथम अॅसिटाल्डिहाइड आणि मग अॅसिटिक आम्ल करतात. चिलटे त्यांना एका बाटलीतून दुसरीत नेतात, आणि न धुतलेल्या पोअररच्या आत तर त्यांची वसाहतच होते. नुसत्या आंबट वासाबरोबर नेलपॉलिशसारखी तीव्र छटा असेल, तर अल्कोहोल आणि अॅसिटिक आम्लापासून इथाइल अॅसिटेट तयार झालेले असते, आणि पाहुण्याला बहुतेक वेळा तेच आधी खुपते. युरोपीय संघाने लाल वाइनमधील बाष्पशील आम्लाची (मुख्यतः अॅसिटिक आम्लाची) मर्यादा लिटरमागे १.२ ग्रॅम ठेवली आहे, पण चांगल्या नाकाला त्याच्या बरेच अलीकडे जाणवते. याच काउंटरवरील अर्धवट व्हाइट वाइनला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास होता. ती अजून पहिल्या पायरीवर, अॅसिटाल्डिहाइडवर होती. ऑक्सिडीकरण फार जुने आणि खोल असेल तेव्हा सोटोलॉन नावाच्या संयुगाचा वास येतो, आणि हेच संयुग मेथीदाण्यांच्या वासाचे कारण आहे, म्हणून स्टुअर्डना तो शिकवणे येथे फार सोपे गेले.

राहिल्या दोन नोंदी. "तबेला" म्हटलेल्या वाइनमध्ये ब्रेटॅनोमायसिस या यीस्टने केलेले इथाइलफिनॉल होते. जुन्या लाकडी पिंपांच्या फटींत हे यीस्ट तग धरून राहते, आणि त्याची हलकी छटा काही पारंपरिक रेड वाइनमध्ये लोक आवडीने पितात. तिन्ही नमुन्यांत ती सारखीच आणि हलकी होती. मी तिला दोष धरले नाही, मात्र ती वाइन मेनूवर ठेवायची असेल तर स्टुअर्डने आधी तशी कल्पना द्यावी असे सुचवले.

लाल शाईतली काच हे सर्वांत गंभीर आरोपाचे आणि सर्वांत किरकोळ कारणाचे प्रकरण होते. बाटलीच्या तळाशी चकाकणारे खडे होते. ते चमच्यावर घेऊन दाबले तर चुरडले गेले, आणि कढत पाण्यात टाकले तर विरघळले. काच यांपैकी काहीच करत नाही. द्राक्षात चिंचेसारखेच टार्टारिक आम्ल असते, त्याचे पोटॅशियम क्षार थंडीत स्फटिक होऊन खाली बसतात, आणि ही बाटली खूप काळ फ्रिजमध्ये होती. चवीला आणि तब्येतीला त्याचा काही अपाय नाही. कॅप्टनने चमचा आणि कढत पाण्याची ही चाचणी त्या पाहुण्यासमोर पुन्हा करून दाखवली.

वितरकाने टीसीएची बाटली बदलून दिली आणि अंड्याच्या वासाच्या बॅचवर सवलत मान्य केली. पत्र्याखालच्या पेटीचे नुकसान हॉटेलने सोसले. साठा तळमजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीत हलवला, आरशासमोर रिकाम्या बाटल्या मांडल्या, उघडलेल्या बाटलीवर तारखेची चिकटपट्टी आणि फ्रिजमध्ये कमाल तीन दिवस असा नियम झाला, पोअरर रोज रात्री गरम पाण्यात टाकले जाऊ लागले, आणि ग्लास पुसण्याची फडकी इतर फडक्यांपासून वेगळी होऊन बॉयलरच्या खोलीत वाळू लागली.

शेवटी आचाऱ्यांनी विचारले की हे सगळे ओतून का द्यायचे, मटणाच्या रस्स्यात चालणार नाही का. पत्र्याखाली शिजलेली वाइन चालेल, कारण ती अगोदरच शिजलेली आहे आणि रस्सा आटवताना तिचा गोडसर वास खटकत नाही. नेलपॉलिशची छटा असलेली आणि कोबीची वाइन चालणार नाही. उष्णतेने ती छटा मटणात पसरेल. टीसीएची बाटली तर मुळीच नाही, कारण उकळल्याने तो वास खात्रीने जातो असे मानता येत नाही आणि चरबीत तो मुरण्याची भीती असते. ती बाटली वितरक घेऊन गेला, उरलेली पेटी आचाऱ्यांच्या कपाटात गेली.